कुणीच लिंबूटिंबू नाही

प्रस्तावना

एखाद्या मुलाला कमी दिसतं हे कळतं वर्गात, पण त्याची किंमत ते मूल मोजतं मैदानावर. वर्गात त्याला पहिल्या बाकावर बसवता येतं, फळ्यावरची अक्षरं ठळक काढता येतात, शेजारचा मुलगा हळूच वाचून दाखवतो. मैदानावर पहिला बाक नसतो. चेंडू कुठून येईल याचा नेम नसतो, आणि लागलं-बिगलं तर पालकांना तोंड कोण देणार ही धास्ती असते. म्हणून पीटीचे सर, मनात काहीही वाईट नसताना, त्याला म्हणतात, “तू दप्तरं सांभाळ.” जरा जास्त विचार करणारे सर म्हणतात, “तू गुण मोज.” आठवड्यातले पीटीचे तास असेच जातात आणि दहावी येईपर्यंत त्या मुलाचा खेळाशी संबंध उरतो तो मोबाइलवर कॉमेंट्री ऐकण्यापुरता.

ही पुस्तिका त्या तासांसाठी आहे. नरोलीच्या आणि आसपासच्या शाळांतले शिक्षक, पालक आणि गल्लीत पोरांना गोळा करून खेळवणारी मोठी मुलं तिचे वाचक आहेत, असं धरून ती लिहिली आहे. मुलाचे डोळे बदलणं आपल्या हातात नाही, खेळाचे नियम बदलणं आहे, हे तिचं सांगणं. यात नवल वाटायचं कारण नाही. भिंतीपलीकडे चेंडू गेला की बाद, एक टप्पा झेल चालेल, पलीकडच्या अंगणात गेला तर दोनच धावा, असे नियम पोरं रोज संध्याकाळी नव्याने करतात. खेळाचा जीव नियमात असतो आणि नियम माणसंच ठरवतात.

मात्र नियम बदलायचेही दोन प्रकार आहेत. एक आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा, लिंबूटिंबूचा. घरातलं लहान भावंड रडतं म्हणून त्याला खेळात घेतात, पण तो बाद झाला तरी बाद नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. तो मैदानावर असतो, खेळात नसतो. कमी दिसणाऱ्या मुलाला दया म्हणून खेळवलं की त्याचं हेच होतं. दुसरा प्रकार असा, की नियमच इतका विचार करून बांधायचा की त्या मुलाचा बाद हा बाद असेल, त्याची धाव ही धाव असेल, आणि तो नसेल तर संघ अपुरा पडेल. जगभरच्या अंध आणि अल्पदृष्टी खेळाडूंनी गेल्या शंभरेक वर्षांत हा दुसरा प्रकार घडवला. पुढच्या पानांत त्याचीच ओळख आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. दृष्टी गेलेला म्हणजे पूर्ण काळोखात असलेला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशी माणसं थोडी. बहुतेकांना काहीतरी दिसत असतं. कुणाला मधलं धूसर आणि कडेचं बरं दिसतं, कुणाला नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं दिसतं, कुणाला उन्हात काहीच नाही आणि सावलीत पुष्कळ दिसतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेली मुलगी दुपारी व्यवस्थित पळेल आणि दिवेलागणीला पायरीवर अडखळेल. तिला ‘नाटकं करते’ म्हणणारे भेटतातच. जन्मतः रंगद्रव्य कमी असलेल्या मुलाला पुढे झाप असलेली टोपी मिळाली की निम्मं काम होतं. म्हणून मुलाला विचारायचा प्रश्न ‘दिसतं का?’ असा नसावा. ‘काय दिसतं, कुठून दिसतं, कोणत्या उजेडात दिसतं?’ असा असावा. त्याच्याही आधी साध्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, कारण काही मुलांचं दुखणं तेवढंच निघतं.

खेळांच्या जगाने या फरकांची रीतसर वर्गवारी केली आहे. पुस्तिकेत बी-१, बी-२ आणि बी-३ ही अक्षरं वारंवार येतील. बी-१ म्हणजे ज्याला उजेड कळत नाही, किंवा कळला तरी समोर धरलेल्या हाताचा आकार ओळखता येत नाही. बी-२ म्हणजे ज्याची दृष्टी २/६० पर्यंत आहे किंवा दृष्टिक्षेत्र पाच अंशांहून कमी आहे. बी-३ म्हणजे त्यावर ६/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र पाच ते वीस अंश. हे सारं चांगल्या डोळ्याला योग्य चष्मा लावल्यानंतरचं. आकडे रूक्ष वाटतील, पण कोण कुणाविरुद्ध आणि कोणत्या सवलतीने खेळेल याचा सगळा न्याय त्यांच्यावर उभा आहे. कुस्तीत जसे वजनगट, तसे इथे हे गट.

क्रिकेटपासून सुरुवात करू, कारण नरोलीत काय आणि नागपुरात काय, पोरांना खेळायचं असतं तेच. अंधांच्या क्रिकेटचा उगम ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. १९२२च्या सुमारास तिथल्या अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून त्याचा चेंडू केला. आजचा चेंडू टणक प्लॅस्टिकचा असतो, आत छर्रे खुळखुळतात. यष्ट्या धातूच्या असतात, लागल्या की सगळ्यांना ऐकू येतं. गोलंदाज आधी विचारतो, “रेडी?” फलंदाजाने “येस” म्हटलं की “प्ले” म्हणून खालून, हात न उचलता, चेंडू सोडतो. खेळपट्टीच्या मध्याच्या आत चेंडूचा टप्पा पडलाच पाहिजे, कारण टप्प्याचा आवाज हीच फलंदाजाची नजर. हवेतून आलेला चेंडू मुका असतो. त्यामुळे इथला हुकमी फटका स्वीप: गुडघा टेकायचा, बॅट आडवी जमिनीलगत फिरवायची आणि घरंगळत येणाऱ्या आवाजाला गाठायचं.

या खेळाची खरी करामत संघरचनेत आहे. अकरा जणांत किमान चार बी-१, तीन बी-२ आणि जास्तीत जास्त चार बी-३. म्हणजे बऱ्यापैकी दिसणाऱ्या अकरा जणांची फौज घेऊन मैदान मारता येत नाही. बी-१ फलंदाजाने काढलेली प्रत्येक धाव दुप्पट धरतात, त्याच्यासाठी धावायला दुसरा खेळाडू असतो आणि बी-१ क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यानंतर पकडलेला झेलही झेल मानतात. वरवर पाहता ही सवलत वाटते. पण कप्तानाच्या जागी उभं राहून पाहा. शेवटच्या दोन षटकांत वीस धावा हव्या आहेत. आता फलंदाजीला पाठवायचं कुणाला? चौकार मारणाऱ्या बी-३ला, की एका फटक्यात आठ धावा मिळवून देणाऱ्या बी-१ला? या नियमाने पूर्ण अंध खेळाडूला डावपेचांच्या मध्यभागी आणून ठेवलं आहे. लिंबूटिंबूच्या बरोबर उलटं टोक ते हे.

आपल्या देशात या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९० साली दिल्लीत झाली, आणि पहिला विश्वचषकही १९९८ साली दिल्लीतच. तो दक्षिण आफ्रिकेने जिंकला. पुढे २०१४ आणि २०१८चे एकदिवसीय विश्वचषक, तसंच २०१२, २०१७ आणि २०२२चे टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने घेतले. नोव्हेंबर २०२५मध्ये अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक झाला. कोलंबोतल्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला सात गडी राखून हरवलं. कर्णधार होती कर्नाटकची दीपिका टी. सी. आणि उपकर्णधार महाराष्ट्राची गंगा कदम. ही नावं आपल्या पोरींना विराट-रोहितइतकी नसली तरी थोडी तरी तोंडपाठ असावीत, म्हणून इथे मुद्दाम दिली.

क्रिकेटला अकरा जण लागतात, खास चेंडू लागतो. शाळेच्या सभागृहात किंवा व्हरांड्यात सहा मुलांनी खेळायचा खेळ गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली तो तयार झाला आणि १९७६पासून पॅरालिंपिकमध्ये आहे. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद मैदान. दोन्ही टोकांना पूर्ण रुंदीचे गोल. प्रत्येक बाजूला तिघं. आत घुंगरं असलेला सव्वा किलोचा चेंडू जमिनीलगत जोरात फेकायचा आणि पलीकडच्यांनी आवाजाच्या दिशेने आडवं पडून तो अंगाने अडवायचा. रेषेच्या चिकटपट्टीखाली सुतळी घातलेली असते. हातापायाला ती लागली की आपण कुठे उभे आहोत ते कळतं. प्रेक्षकांनी चूप बसायचं, हा नियमच आहे.

सगळ्या खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि खेळ चालू असताना परवानगीवाचून तिला हात लावला तर दंड होतो. आपल्याकडे डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ आहेच, आंधळी कोशिंबीर. त्यात एकाच्या डोळ्यांवर पट्टी, बाकीचे टपल्या मारून पळणार, आणि न दिसणं हीच त्याची शिक्षा. गोलबॉलमध्ये पट्टी सगळ्यांना. त्यामुळे डोळस मुलंही त्यात सहज उतरू शकतात, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांना कळून चुकतं की एरवी मागे राहणारी वर्गमैत्रीण इथे आपल्याला हातही लावू देत नाही. एका शाळेत कमी दिसणारं मूल एकच असलं तरी हा खेळ अडत नाही. पुस्तिकेत त्याला सर्वांत जास्त पानं दिली आहेत ती त्यासाठी.

बुद्धिबळाचं प्रकरण याहून निराळं. अंध आणि डोळस यांनी एकमेकांविरुद्ध, बरोबरीने, एकाच स्पर्धेत खेळावं असा हा खेळ, आणि त्यासाठीचे नियम ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमावलीतच दिलेले आहेत. अंध खेळाडूचा पट वेगळा असतो. काळी घरं किंचित उंच, प्रत्येक घराला भोक, प्रत्येक सोंगटीला खाली खुंटी. काळ्या सोंगट्या बोटाला ओळखू याव्यात म्हणून त्यांना वेगळी खूण. प्रत्येकाचा पट स्वतःपुढे. चाल तोंडाने सांगायची, समोरच्याने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करायची. ए, बी, सी, डी, ई ही अक्षरं कानाला सारखीच वाटतात, म्हणून उभ्या पट्ट्यांना नावं दिली आहेत: आना, बेला, सेझार, डाविड, एवा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. आता ‘हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे’ या नियमाचं काय करायचं? अंध खेळाडू तर पटावर सतत हात फिरवूनच पाहणार. त्यावर तोड अशी: सोंगटी भोकातून उपसली तरच हात लावला असं मानायचं. नियमाचा हेतू जपून त्याचं रूप कसं बदलावं, याचा इतका नेटका नमुना दुसरा सापडणं कठीण.

आपल्याकडे या खेळाला उभं केलं ते मुंबईच्या चारुदत्त जाधवांनी. तेराव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी अंधांच्या बुद्धिबळासाठी अखिल भारतीय संघटना बांधली, गावोगावची मुलं हुडकली, त्यांना परदेशी स्पर्धांना नेलं. त्यांच्या आणि त्यांच्या खेळाडूंच्या वाटचालीवर ‘अल्गोरिदम्स’ हा माहितीपटही निघाला. त्या चित्रपटात कोवळा दिसणारा दर्पण इनानी हा बडोद्याचा, म्हणजे आपल्याच रेल्वेमार्गावरचा. ऑक्टोबर २०२३मध्ये हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने बी-१ गटात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं आणि संघाच्या सुवर्णातही त्याचा वाटा होता.

नरोलीत बुद्धिबळाला आणखी एक कारण आहे, पावसाचं. जूनपासून इथे पाऊस असा कोसळतो की पत्र्याच्या छपराखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आवाजावर चालणारे खेळ त्या चार महिन्यांत निम्म्याहून जास्त वेळा बंदच ठेवावे लागतात. एरवीही दमणगंगेच्या अलीकडे-पलीकडे कारखाने, भिलाडच्या रस्त्यावर मालाचे ट्रक. मैदान निवडताना आपण सपाट जागा बघतो; या मुलांसाठी शांत जागा बघायला हवी. रस्त्यालगतच्या मोठ्या पटांगणापेक्षा शाळेच्या मागचं छोटं अंगण चांगलं.

आपला अस्सल खेळ मल्लखांब. मुंबईच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५चं. तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली ती मल्लखांब देशोदेशी नेल्याबद्दल; पण याच सरांनी दादरच्या कमला मेहता अंधशाळेतल्या मुलींना मल्लखांब शिकवला, हे काम मला त्याहून मोलाचं वाटतं. ही शाळा १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्डबाईंनी काढलेली. ज्या मुलींना घरचे जिना एकटीने उतरू देत नाहीत, त्या खांबावर डोकं खाली पाय वर करून राहतात म्हटल्यावर पाहणाऱ्याला धडकी भरते. पण जरा विचार केला तर मल्लखांब हा न दिसणाऱ्या माणसाला फार जवळचा खेळ आहे. इथे काही अंगावर धावून येत नाही. खांब जागचा हलत नाही. आढी मारली की मांडीला, पोटरीला, घोट्याला खांब कळतो. एरंडेलाने गुळगुळीत झालेल्या लाकडावर पकड सुटतेय की बसतेय, हे डोळ्यांच्या आधी कातडीला समजतं. डोळस मुलगाही उलटा झाल्यावर काय पाहत असतो? तोही अंगानेच खेळत असतो.

अवघड असतं ते शिकवणं. डोळस मुलाला एकदा करून दाखवलं की तो नक्कल करतो. इथे गुरूला आधी बोलावं लागतं: उजवा पाय वर, गुडघा बाहेर, टाच आत. मग शिकलेल्या मुलीने तीच पकड करायची आणि नव्या मुलीने हात फिरवून तिचे पाय कुठे आहेत, कंबर किती वळली आहे ते पाहायचं. मग नवीने स्वतः करायचं आणि गुरूने पाय योग्य जागी नेऊन ठेवायचा. बोलणं, चाचपणं, करणं हा क्रम कोणत्याही खेळाला लागू पडतो आणि पुस्तिकेतला प्रत्येक धडा त्याच क्रमाने रचला आहे. हात लावण्याआधी सांगायचं, विचारायचं, हा शिष्टाचार मात्र कधीही सोडायचा नाही. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही.

काही खेळ जोडीचे आहेत, त्यांची ओळख थोडक्यात करून देतो. पूर्ण अंध किंवा फारच कमी दिसणाऱ्या धावपटूसोबत मार्गदर्शक धावतो, दोघांच्या हातात एक आखूड दोरी. मार्गदर्शकाने खेळाडूला ओढायचं नाही आणि शेवटची रेषा त्याच्या आधी ओलांडायची नाही. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये सिमरन शर्माने अभय सिंह या मार्गदर्शकासह २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. तलावात पोहणाऱ्याला भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने त्याला हलकेच स्पर्श करतो. विदर्भाची कांचनमाला पांडे हिने डिसेंबर २०१७मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक स्पर्धेत पूर्ण अंधांच्या गटात २०० मीटर मेडलीचं सुवर्ण जिंकलं ते याच पद्धतीने. ज्युदोत दोन्ही मल्ल एकमेकांचे कपडे धरूनच लढत सुरू करतात. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने पॅरिसमध्ये भारताला ज्युदोतलं पहिलं पॅरालिंपिक पदक मिळवून दिलं. आपल्या तालमीतल्या वस्तादांनी हे वाचून हातात हात देऊन सलामीपासूनच कुस्ती धरायचा प्रयोग करायला हरकत नाही.

आता खर्चाचं. शाळेत नेहमी ऐकू येणारी हरकत म्हणजे ‘आमच्याकडे तसली साधनं नाहीत’. खास चेंडू मिळाला तर उत्तमच. नसेल तर साधा फुटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. घरंगळताना पिशवी चुरचुरते आणि पोरं त्या आवाजामागे धावतात. रेषेखाली सुतळी, चेंडू भडक पिवळा, गोलमागे टाळ्या वाजवणारा एक जण, एवढ्यावर सुरुवात होते. खर्च होतो तो शिस्तीचा. पन्नास पोरांना चूप ठेवणं हे कुठल्याही चेंडूपेक्षा महाग आहे. हाकेचंही आधी ठरवावं लागतं. अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूकडे जाणाऱ्याने ‘वॉय’ असं ओरडायचं, नाही ओरडला तर फाउल. टक्कर टळावी म्हणून. आपल्या वर्गात घरी वारली, धोडिया, कोकणा, गुजराती, मराठी, हिंदी बोलणारी मुलं शेजारी शेजारी बसतात. शब्द कोणताही घ्या, पण खेळ सुरू होण्यापूर्वी सगळ्यांचा एकच ठरवून घ्या.

काळजी घ्यायच्या गोष्टीही आहेत. डोळ्याचा पडदा सुटण्याचा धोका असलेल्या, फार मोठ्या नंबरचा चष्मा असलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना डोक्याला मार लागेल, उलटं व्हावं लागेल असे खेळ नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. काचबिंदू असेल तर मल्लखांबाआधी विचारायलाच हवं. पण ‘डॉक्टरांना विचारा’ याचा अर्थ ‘बसून राहा’ असा लावू नये. नेमका प्रश्न घेऊन जावं: हा धावू शकतो का, पोहू शकतो का, उडी मारू शकतो का?

कायदाही आपल्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातलं तिसावं कलम खेळांबद्दलच आहे, आणि खेळातला सहभाग ही मेहरबानी नसून सरकारने पाहायची जबाबदारी आहे असं ते सांगतं. मुख्याध्यापकांशी बोलताना हे कलम खिशात असू द्यावं. भांडायला म्हणून नको. पुष्कळदा नियम दाखवला की चांगल्या मनाच्या माणसालाही निर्णय घ्यायला बळ येतं.

शेवटी, हे वाचून काय साधावं? पदकं दूर आहेत आणि सगळ्यांसाठी नाहीत. कौतुकाच्या टाळ्यांची या मुलांना ददात नसते. स्नेहसंमेलनात त्या भरपूर मिळतात. मला मोजायचं झालं तर मी वेगळीच खूण पाहीन. सोपा झेल सुटला म्हणून एखाद्या दिवशी संघातली पोरं त्या मुलावर खरोखर चिडली, “तुझ्यामुळे हरलो” म्हणून त्याच्याशी भांडली, तोही तितक्याच जोरात भांडला, आणि दुसऱ्या दिवशी संघ पाडताना दोन्ही कप्तानांनी पहिलं नाव त्याचंच घेतलं, तर या पुस्तिकेचं काम झालं असं समजावं.

नरोली, दादरा नगर हवेली